खोटा दाखला, खरी सही : इसवी सन ४२६ ते २०२५

१/ २२ जून २०२३. न्यूयॉर्कच्या फेडरल जिल्हा न्यायालयात न्यायमूर्ती पी. केव्हिन कॅस्टेल यांनी दोन वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला मिळून पाच हजार डॉलरांचा दंड ठोठावला. शिक्षेचा दुसरा भाग अधिक विलक्षण होता. ज्या न्यायाधीशांच्या नावावर या वकिलांनी कधीच न दिलेले निकाल खपवले होते, त्या प्रत्येकाला पत्र पाठवून हा प्रकार कळवण्याचा आदेश त्यांना देण्यात आला.

२/ दावा साधा होता. एल साल्वादोरहून न्यूयॉर्कला येणाऱ्या विमानात खाद्यपदार्थांची गाडी गुडघ्याला लागून दुखापत झाली, अशी एका प्रवाशाची तक्रार होती. दाव्याची मुदत टळली आहे, असा विमान कंपनीचा आक्षेप. त्याला उत्तर देताना वकिलांनी अनेक जुन्या निकालांचे दाखले दिले. त्यांपैकी सहा निकाल जगात कुठेच अस्तित्वात नव्हते. ते चॅटजीपीटीने रचले होते. 'हे निकाल खरे आहेत ना?' असे वकिलाने त्यालाच विचारले, तेव्हा त्याने 'हो' म्हणून सांगितले!

३/ आणखी एक तपशील ध्यानात ठेवा, पुढे तो कामी येईल. संशोधन एका वकिलाने केले होते आणि सही दुसऱ्याने. सही करणाऱ्याने ते निकाल स्वतः उघडून पाहिलेच नव्हते. अशिलाचा दावा त्याच दिवशी मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला.

४/ 'असे पूर्वी कधी घडले नव्हते' अशी तेव्हा सर्वत्र चर्चा झाली. यंत्रापुरते ते खरे आहे. पण न्यायालयात खोटा किंवा संशयास्पद दाखला पुढे येणे, त्याने न्याय डळमळणे आणि मग राज्यसत्तेने नियम करणे, ही कथा किमान सोळाशे वर्षे जुनी आहे. आजच्या नियमांचे मोल जोखायचे, तर ती कथा आधी माहीत हवी. म्हणून हा थ्रेड.

५/ प्रारंभ रोमपासून करू. इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत रोममध्ये थोर विधिज्ञ होऊन गेले. ते न्यायाधीश असोत वा नसोत, त्यांच्या ग्रंथांतील मते न्यायालयात प्रमाण मानली जात. पाचव्या शतकापर्यंत ते सारे कालवश होऊन दोन-अडीचशे वर्षे लोटली होती. ग्रंथ दुर्मीळ झाले होते. पपायरसच्या गुंडाळ्यांवरचा मजकूर चर्मपत्राच्या पोथ्यांवर उतरला होता आणि प्रत्येक नकलेत नव्या चुकांची भर पडत होती. भर न्यायालयात वकील पोथी उघडून 'उल्पियन असे म्हणतो' असे वाचून दाखवी. उल्पियन खरोखरच तसे म्हणाला होता का, हे न्यायाधीशाने कसे ताडावे?

६/ ७ नोव्हेंबर ४२६ रोजी राव्हेन्ना येथून एक फर्मान निघाले. सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन तेव्हा अवघा सात वर्षांचा होता आणि कारभार त्याची आई गाला प्लासिडिया पाहत होती. इतिहासात हे फर्मान 'दाखल्यांचा कायदा' म्हणून ओळखले जाते. पॅपिनियन, पॉलस, गायस, उल्पियन आणि मॉडेस्टिनस या पाच जणांचे ग्रंथ प्रमाण ठरले. त्यांच्यात मतभेद असल्यास बहुमत ग्राह्य. मते समसमान पडल्यास पॅपिनियनचे मत वरचढ. त्याचेही मत उपलब्ध नसेल, तर न्यायाधीशाने आपल्या विवेकाने ठरवावे.

७/ मृत पंडितांच्या मतांची मोजदाद करणारा हा कायदा विद्वानांच्या टीकेचा विषय ठरला. पण त्यातील एका छोट्या अटीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. या पाच जणांनी ज्या जुन्या विधिज्ञांचे आधार घेतले आहेत, त्यांचेही दाखले देता येतील. मात्र जुन्या ग्रंथांची खात्री देता येत नाही, म्हणून अनेक पोथ्या ताडून पाहून मजकूर पक्का झालेला असला पाहिजे. न्यायालयात दिलेला दाखला मुळाशी पडताळून घ्यावा, हे राज्यसत्तेने कायद्याच्या भाषेत इतक्या लवकर सांगितलेले आढळते.

८/ आता या फर्मानाची दुसरी बाजू. त्यात पॉलसच्या 'सेंटेन्शिए' या ग्रंथाला मोठे प्रामाण्य बहाल केले होते. आधुनिक संशोधकांचे मत असे, की हा ग्रंथ पॉलसने लिहिलेलाच नव्हे. त्याच्या मृत्यूनंतर, इसवी सन ३०० च्या आसपास, दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या नावावर तो संकलित केला. सारांश, राजमुद्रेने प्रामाण्य लाभते. अस्सलपणा लाभतोच असे नाही. मान्यताप्राप्त नावांची यादी करून प्रश्न सुटत नाही, हा रोमने दिलेला पहिला धडा.

९/ शंभर वर्षांनी जस्टिनियनने दुसरा मार्ग धरला. ट्रिबोनियनच्या नेतृत्वाखाली नेमलेल्या मंडळाने जुने ग्रंथ चाळून त्यांतील निवडक उतारे ५० भागांत बसवले. सम्राटाच्याच सांगण्यानुसार सुमारे दोन हजार ग्रंथांतील तीस लाख ओळींच्या दीड लाख ओळी झाल्या. १६ डिसेंबर ५३३ रोजी हा 'डायजेस्ट' जाहीर झाला. यापुढे जुन्या पोथ्या न्यायालयात आणायच्याच नाहीत. प्रमाण एकच, आणि ते हेच.

१०/ सम्राट एवढ्यावर थांबला नाही. डायजेस्टवर भाष्ये लिहिण्यास त्याने मनाई केली. ग्रीकमध्ये शब्दशः भाषांतर चालेल, मथळेवजा सारांश चालेल. मतांची भर घालायची नाही. नकला करताना शब्दांची संक्षिप्त चिन्हे वापरण्यासही बंदी, कारण अशा चिन्हांचा मनमानी अर्थ लावला जातो. जो असे करील, त्याच्यावर बनावट दस्तऐवजाचा गुन्हा.

११/ ही मनाई टिकली का? तर नाही. जस्टिनियनच्या हयातीतच त्याच्या विधिशाळांतील आचार्य सारांशाच्या नावाखाली विवेचन करू लागले होते. पुढे बोलोन्याच्या पंडितांनी तर समासच्या समास टिपांनी भरून टाकले. तेराव्या शतकात अक्कुर्सियसने त्या टिपा एकत्र केल्या, त्या सुमारे ९६ हजार भरल्या. अखेर जे टीपेत नाही ते न्यायालयही मानीत नाही, अशी स्थिती आली. ज्या साधनाची वकिलाला रोज गरज भासते, ते निव्वळ बंदीने नाहीसे होत नाही. हा दुसरा धडा.

१२/ आता इंग्लंडकडे वळू, कारण आपली आजची न्यायव्यवस्था त्याच मुशीत घडली आहे. तेथे ग्रंथकारांच्या मतांपेक्षा न्यायालयाचे पूर्वीचे निर्णय मोठे मानले जात. न्यायालयाच्या अधिकृत गुंडाळ्या होत्या, पण त्यांत प्रामुख्याने कामकाजाचा वृत्तांत आणि निकाल असे. न्यायाधीशाने तो का दिला, ही कारणमीमांसा क्वचितच. ती टिपून घेण्याचे काम न्यायालयात हजर असलेले वकील आणि विद्यार्थी आपापल्या वह्यांत करीत. म्हणजे पूर्वनिर्णयांची ही सारी इमारत खासगी वह्यांवर उभी होती.

१३/ या वह्यांचे काय होई? एडमंड प्लाउडेन या वकिलाने १५७१ मध्ये स्वतःच्या टिपणांचा संग्रह छापला. त्यामागचे कारण तो स्वतःच सांगतो. मित्रांना वाचायला दिलेली वही त्यांच्या कारकुनांनी घाईघाईने उतरवून घेतली होती आणि चुकांनी भरलेल्या त्या नकला छापखान्यापर्यंत पोहोचल्या होत्या. आपल्या नावावर भलतेच काही खपू नये, म्हणून त्याने मजकूर स्वतः तपासून आपल्या नावानिशी प्रसिद्ध केला. वृत्तांताखाली जबाबदार माणसाचे नाव हवे, ही प्रथा अशी रुजू लागली.

१४/ सतराव्या शतकाच्या मध्यात यादवी युद्धाच्या धामधुमीत छपाईवरील नियंत्रण सुटले आणि निकालसंग्रहांचा पूर आला. कुणा मृत वकिलाच्या कपाटात सापडलेली वही त्याचे नाव लावून छापावी, इतके ते सोपे झाले. १६६२ च्या कायद्याने विधिग्रंथ छापण्यापूर्वी लॉर्ड चॅन्सेलर किंवा वरिष्ठ न्यायाधीशांची परवानगी सक्तीची केली. पण परवानगी देणाऱ्यांना प्रत्येक निकाल मुळाशी ताडून पाहण्याइतकी सवड कुठली? शिक्का उमटत राहिला, चुकाही उमटत राहिल्या. १६९५ मध्ये तो कायदाच संपुष्टात आला.

१५/ याच परंपरेतले एक अजरामर नाव म्हणजे थॉमस बार्नार्डिस्टन. हे गृहस्थ न्यायालयात वहीवर मान टेकून डुलक्या घेत. मागच्या बाकावरील खोडकर मंडळी हळूच त्यांच्या वहीत काहीबाही लिहून ठेवीत, आणि पुढे तेही छापले जाई! ही आख्यायिका एकोणिसाव्या शतकात लॉर्ड लिंडहर्स्ट यांनी सांगितली. ती शब्दशः खरी धरू नका. पण संग्रहाची प्रतिष्ठा काय होती, हे तिच्यावरून कळते. १७६१ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी बार्नार्डिस्टनच्या चॅन्सरी संग्रहाचा दाखला आपल्यासमोर देण्यास साफ मनाई केली. त्याने विद्यार्थ्यांचीही दिशाभूल होते, असे त्यांचे म्हणणे होते.

१६/ येथे घाईने टाळी वाजवू नका. पुढच्या काळात काही न्यायाधीशांना याच संग्रहातील कित्येक वृत्तांत अगदी अचूक असल्याचे आढळले. म्हणजे सरसकट बंदीने खोट्याबरोबर खरेही बाद झाले असते. पुस्तक चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा होता. विचारायचे होते ते हे, की हा विशिष्ट वृत्तांत कुणी, कुठे, कशाशी ताडून पाहिला?

१७/ त्याचे संस्थात्मक उत्तर मिळायला १८६५ साल उजाडले. वकिलांच्याच पुढाकाराने लंडनमध्ये विधिवृत्तांतासाठी एक परिषद स्थापन झाली. न्यायालयात हजर राहून वृत्तांत लिहिणारा बॅरिस्टर, छपाईपूर्वी मुद्रिते न्यायाधीशांच्या नजरेखाली आणि वृत्तांताखाली लिहिणाऱ्याचे नाव, अशी ही पद्धत. सरकारी परवान्याहून ती टिकाऊ ठरली, कारण तिने प्रत्येक वृत्तांतामागे तपासणारा आणि उत्तरदायी असा माणूस उभा केला.

१८/ हिंदुस्थानात दहाच वर्षांत त्याचे पडसाद उमटले. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झाले होते आणि त्याचे निकाल स्वतंत्र संग्रहात छापले जात. १८७५ च्या १८ व्या कायद्याने 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'चा पाया घातला आणि १८७६ पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व अलाहाबाद अशा मालिका निघू लागल्या. सरकारी अधिकाराने प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताखेरीज अन्य वृत्तांत ऐकून घेण्याचे बंधन न्यायालयावर नाही, असे या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने ठरवले.

१९/ प्रत्यक्षात काय झाले? सरकारी मालिका उशिरा निघत, वकिलांना घाई असे. मुंबईत १८९९ मध्ये 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' सुरू झाले. १९१४ मध्ये 'ऑल इंडिया रिपोर्टर' निघाले. नागपूरचे नाव देशभरातील वकिलांच्या टेबलावर पोहोचले ते त्याच्यामुळे. न्यायालयांनी हे खासगी संग्रह रोज ऐकून घेतले. निर्णयाचे प्रामाण्य निर्णयातच असते, छापणाऱ्यात नव्हे, ही भूमिका व्यवहारात रूढ झाली. मग खोट्यापासून संरक्षण कशाने मिळाले? न्यायालयाच्या दफ्तरातील मूळ प्रतीने, आणि मी न्यायालयाची दिशाभूल करणार नाही या वकिलाच्या कर्तव्याने.

२०/ आता परत आपल्या काळात येऊ. जुना नक्कलकार चुकायचा, तेव्हा त्याच्यासमोर मूळ काहीतरी असायचे. चॅटजीपीटीसारखे यंत्र कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे अफाट मजकुरातून शिकलेले असते. त्याला निकालपत्राचा घाट ठाऊक असतो : पक्षकारांची नावे, खंड, पान, साल, न्यायाधीशाची धीरगंभीर भाषा. मुळात निकालच नसला, तरी तो घाट ते हुबेहूब उभा करू शकते. डुलकी घेणाऱ्या बार्नार्डिस्टनच्या वहीतला खोडसाळ मजकूर निदान हस्ताक्षरावरून ओळखता आला असता.

२१/ धोका वकिलाच्या कागदापुरता राहत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका घटस्फोट प्रकरणात खालच्या न्यायालयाच्या आदेशातच अस्तित्वात नसलेले दोन निकाल आधार म्हणून आले. आदेशाचा मसुदा एका पक्षाच्या वकिलाने केला होता, असे दिसते. सही न्यायाधीशाची होती. ३० जून २०२५ रोजी अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तो तसाच राहिला असता, तर खोटा दाखला खऱ्या आदेशात जाऊन बसला असता आणि उद्या कुणीतरी त्याच आदेशाचा दाखला दिला असता. 'सेंटेन्शिए'चे असेच झाले होते.

२२/ ऑक्टोबर २०२५ मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. प्राप्तिकराच्या एका आकारणी आदेशात तीन अशा निकालांचा आधार घेतला होता, जे मुळात नव्हतेच. न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण नव्याने विचारासाठी परत पाठवले. यंत्राने पुढे केलेल्या निष्कर्षांवर डोळे मिटून विसंबू नये, ते पडताळूनच वापरावेत, अशी समज दिली. येथे चूक वकिलाची नव्हती. निवाडा करण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता, त्या यंत्रणेची होती. समोर होता तो करदाता.

२३/ नियम कोणते झाले? टेक्सासमधील न्यायाधीश ब्रँटली स्टार यांनी न्यूयॉर्कच्या घटनेनंतर लगेच, २०२३ मध्येच, वकिलांकडून प्रतिज्ञापत्र मागितले : यंत्र वापरले नाही, किंवा वापरले असल्यास मजकूर माणसाने तपासला आहे. उलट त्याच भागातील पाचव्या सर्किट अपील न्यायालयाने तसा नियम प्रस्तावित केला, मते मागवली आणि २०२४ मध्ये तो न करण्याचे ठरवले. जुलै २०२४ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने वकिलांचे जुनेच धर्म नव्या साधनाला लागू केले : सक्षमता, अशिलाची गुपिते राखणे, न्यायालयाशी प्रामाणिकपणा आणि वाजवी शुल्क. यंत्राने वाचवलेल्या तासांचे पैसे अशिलाकडून घेता येत नाहीत, हेही त्यात आले.

२४/ युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने न्यायाधीशांना तथ्ये व कायदा पारखण्यात साहाय्य करणारी यंत्रे 'अतिजोखमी'च्या वर्गात घातली. आपल्याकडे १९ जुलै २०२५ रोजी केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी धोरण जाहीर केले. निष्कर्ष, आदेश किंवा निकाल यांपर्यंत पोहोचण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची नाही. इतर कामांसाठी मान्यताप्राप्त साधनेच वापरायची, आणि त्यांचे फलित माणसाने तपासायचे. जस्टिनियनची बंदी, रोमची मान्य यादी आणि प्लाउडेनची स्वतःची तपासणी, हे तिन्ही मार्ग या एकाच धोरणात शेजारी शेजारी दिसतात.

२५/ ६ जून २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने दोन प्रकरणे एकत्र ऐकून निर्णय दिला. एक होते बेघर व्यक्तीच्या निवाऱ्याचे. त्यात पाच खोटे दाखले होते. दुसरे कोट्यवधी पौंडांच्या दाव्याचे. त्यात ४५ पैकी १८ दाखले अस्तित्वातच नव्हते. या दुसऱ्या प्रकरणात संशोधन खुद्द अशिलाने केले होते आणि वकिलाने ते जसेच्या तसे पुढे ठेवले. केवळ मार्गदर्शक सूचना काढणे पुरेसे नाही. वकिलांच्या संस्थांनी आणि कार्यालयप्रमुखांनी प्रत्यक्ष पावले उचलली पाहिजेत, असे न्यायमूर्ती व्हिक्टोरिया शार्प यांनी बजावले. अपराध गंभीर असल्यास न्यायालयाच्या अवमानाची कारवाईही होऊ शकते.

२६/ आता तिसऱ्या पोस्टमधला तपशील आठवा. न्यूयॉर्कमध्ये सही करणाऱ्याने पाहिले नव्हते. लंडनमध्ये अशिलाने शोधलेले वकिलाने पाहिले नाही. जॉर्जियात वकिलाने आणलेले न्यायाधीशाने पाहिले नाही. प्रत्येक ठिकाणी यंत्र आणि न्याय यांच्यामध्ये एक माणूस उभा होता, आणि त्याने न पाहता सही केली. न्यायमूर्ती कॅस्टेल यांना त्या दोन वकिलांना दंड करण्यासाठी नवा कायदा लागला नाही. सही म्हणजे वाजवी चौकशी केल्याची हमी, हा दिवाणी प्रक्रियेचा जुना नियमच पुरला. विश्वासार्ह यंत्राची मदत घेण्यात गैर काही नाही, हेही त्यांनी त्याच निर्णयात नमूद केले.

२७/ मग नव्या नियमांची गरजच नाही का? आहे, पण ती दुसऱ्या ठिकाणी. सहीला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा ताडून पाहायला मूळ प्रत सहज हाती लागते. २०२३ च्या प्रारंभी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने आपले हजारो निकाल 'ई-एससीआर'वर सर्वांना विनामूल्य खुले केले आणि प्रत्येक निकालाला खासगी प्रकाशकावर अवलंबून नसलेला स्वतंत्र क्रमांक देण्यास सुरुवात केली. न्यूयॉर्कचा तो लज्जास्पद कागद दाखल झाला, तोही त्याच सुमारास. पोथ्या ताडून पाहा, या ४२६ च्या अटीचे हे आजचे रूप. आता तालुक्याच्या न्यायालयातील नवशिका वकीलही काही मिनिटांत एखादा दाखला मुळाशी ताडू शकतो. ताडला नाही, तर सबब उरत नाही.

२८/ सोळाशे वर्षांत याद्या झाल्या, बंद्या झाल्या, परवाने झाले. त्यांतून जे टिकले ते दोनच : सर्वांना पाहता येईल अशी मूळ प्रत, आणि ती पाहिल्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचे नाव. या पुढचा कोणताही नियम वाचाल, तेव्हा या दोन्हींची सोय त्यात आहे का, ते तपासा. आणि हो, या थ्रेडमधील साले आणि निकालसुद्धा शोधून पाहा. इतिहासाच्या वाचकालाही तीच सवय शोभते.

थ्रेड समाप्त.